मासा न फाडता

ब्लेड लावायचं नाही, एवढं मला ठाऊक होतं.
पडदे बसवणाऱ्या माणसाला चिकटपट्टी कळते.
जोर केला की ती हट्टाला पेटते,
ऊब दिली की पाघळते.

घणसोली, सेक्टर सात, दुपारचे तीन.
वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढली,
बायकोचा हेअर ड्रायर आणला, तिला न विचारता,
आणि दिवा कोळीवाड्यातल्या जयवंती मढवींकडून घेतलेल्या
निळ्या व्हॅनला गरम वारा घालत बसलो.

दारांच्या कडांचं रबर मुकाट निघालं.
काचांवरच्या पावसाळी पट्ट्यांनी अंत पाहिला.
दात कोरायचा दोरा तीनदा तुटला,
तेव्हा सीटखालीच सापडली
गुंडाळलेली तंगूस, मासळीच्या वासाची.
ती पट्टीमागे घातली, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळली,
इकडे ओढ, तिकडे ओढ,
जणू कोणाच्या झोपेखालून चादर काढतोय.
बोटांवर वळ उठले. रंगावर नाही.

उरलेल्या गोंदाला खोबरेल चोळून ठेवलं.
डॅशबोर्डवरची एकवीरा आई त्यांनी आधीच नेली होती,
तिथे गोंदाचे चार ठिपके होते फक्त.
त्यांना मी तेल लावलं नाही.
उद्या बघू म्हटलं.

मग मागचं दार. हातभर लांब रेडियमचा जिताडा.
ड्रायर लावणार तोच फोन :
"दादा, त्यो मासा फारू नको रं.
माजे पोरानी कापलेला हाय,
रेडियमचे दुकानान शिकत होता तवा. पयला."
पोरगा कुठाय, मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.

आता आली का पंचाईत.
रंग वाचवायचा तर मासा तुकड्यातुकड्यांनी गेला तरी चालतो.
मासा वाचवायचा म्हणजे वेगळंच काम.
ऊब कमी पडली तर चिरतो,
जास्त झाली तर ताणला जातो,
जिताड्याची वाम होते बघता बघता.

शेपटीकडून नख घातलं.
सरळ वर नाही ओढायचं,
त्याच्याच अंगावर त्याला दुमडत न्यायचं,
सपाट, सावकाश,
एकेक खवला मोजत.
खाली सायकल फिरवणारी चौथ्या मजल्यावरची त्विषा थांबली.
"काका, मासा सोलताय?"
"नाही गं. न सोलता काढतोय."
तिला ते पटलं नाही. थांबून राहिली.

पाऊण तासाने मासा सुटला, अख्खा,
धुतलेल्या दुधाच्या पिशवीवर अलगद निजवला.
डोळा तेवढा दारावरच राहिला.
तो वेगळा कापून लावला होता पोराने,
वाटाण्याएवढा, पिवळा.
हरवू नये म्हणून अंगठ्याच्या नखावर चिकटवला
आणि तसाच निघालो ऐरोलीला,
स्टिअरिंगवर माझा अंगठा
सगळे सिग्नल बघत.

मढवी बाजारात होत्या, पाट्याशी.
हात पुसून त्यांनी पिशवी उलटीसुलटी केली,
बर्फाच्या पेटीचं झाकण फडक्याने कोरडं केलं,
मासा लावला. शेपटीला एक बुडबुडा राहिला.
मग माझा अंगठा धरला
आणि माझ्या नखावरून स्वतःच्या नखाने डोळा उचलला.
गिऱ्हाईक उभं होतं. आमचं बोलणं तेवढ्यावरच राहिलं.
निघताना एक पापलेट दिलं. पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन दाराला ओलं फडकं मारलं तेव्हा दिसलं :
आठ उन्हाळ्यांनी सगळी व्हॅन फिकी केलीय,
आणि मधोमध तो, शोरूममधल्या निळ्याचा,
खवल्यांसकट,
डोळ्याच्या जागी गोल ठिपका तेवढा अजून निळा.
ओरखडा एक नाही. हात फिरवला तर काहीच लागत नाही.

तुर्भ्याचा पॉलिशवाला म्हणतो,
दोन हात मारले की दिसणार नाही.
मी त्याचा नंबर घेऊन ठेवलाय.